नवऱ्याच्या जागेवर

रंजनाला काही लाज उरली नाही, हे उषाबाईचं सकाळपासून चुलीला, परातीतल्या बिबड्यांच्या, ज्वारीच्या पापडांच्या, पिठाला आणि देव्हाऱ्यातल्या कुलदेवीला सांगून झालं होतं. देवी तशीही मधे बोलत नसे. म्हणून उषाबाई आता मोठ्या सुनेला, मंदाला, तेच पुन्हा सांगत होती.

बावीस वर्षांत जी बाई जेठाच्या, थोरल्या दिराच्या, पुढ्यात शिंकली नाही, ती आज सकाळी त्याच्या पुढ्यात बोलली. बरं, बोलली ती परक्या माणसादेखत. आणि बोलली काय, तर मेलेल्या दिराचं नाव काढलं.

"मी शिकवलेलं सगळं धुऊन टाकलं तिनं," उषाबाई म्हणाली. "बावीस वर्षांचं. एका घडीत."

मंदाने परात पुढे ओढली आणि पिठात हात घातला.

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या या दोन खोल्यांत चाळीस वर्षांत पुष्कळ बदललं होतं. पत्र्याच्या जागी स्लॅब आला, नळ आला, टीव्ही आला. बदलला नव्हता तो एक रिवाज. धाकटी सून जेठाशी बोलत नसे. शालिग्राम, उषाबाईचा थोरला, ओट्यावर बसला असेल तर रंजना मागच्या दाराने बाहेर जाई. त्याला चहा हवा का हे विचारायचं झालं तर ती पडद्याआडून वर्षाला म्हणे, "विचार तुझ्या पप्पांना." आणि शालिग्राम तिथूनच, चार हातांवरून म्हणे, "सांग तुझ्या काकूला, अर्धा कप." मधे उभी असलेली वर्षा पुस्तकातून मानसुद्धा वर करत नसे. तिने कशाला करावी? दोघांनाही ऐकू गेलेलंच असे.

आजचं प्रकरण मात्र चहाचं नव्हतं.

योगराज, उषाबाईचा मधला, बारा वर्षं या वॉर्डासाठी झिजला होता. गटारं काढून दे, रेशनकार्ड करून दे, गणपतीत वर्गणी फिरव. गेल्या साली प्लेगात निम्मी सुरत गाड्या भरून पळाली तेव्हा हा पठ्ठ्या गल्लीगल्लीत कॅप्सूल वाटत फिरला. महापालिकेची निवडणूक जाहीर झाली आणि वॉर्ड बायांसाठी राखीव निघाला. लेडीज सीट. योगराज दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला आठवलं की आपल्याला बायको आहे.

मग पोस्टरचा नमुना छापून आला. त्यावर योगराजचा हात जोडलेला फोटो कलिंगडाएवढा होता. खालच्या कोपऱ्यात रंजना होती, कुणाच्या तरी हळदीच्या फोटोतून कापलेली, पदर कपाळापर्यंत, नजर जमिनीला. पोलीस चौकीत हरवलेल्या बाईची जाहिरात लावतात तशी.

आज सकाळी बाबुराव उमेदवारीचा फॉर्म घेऊन आला. खाडीपलीकडच्या चार गल्ल्यांची मतं बाबुरावच्या सांगण्यावर पडतात, असं बाबुरावच सांगे. त्याच खाडीच्या काठाला त्याच्या भाच्याचा अड्डा होता. तिथे सकाळी सातपासून प्लॅस्टिकच्या पोटल्यांतून दारू मिळे. सगळ्या गोडादऱ्याला ते ठाऊक होतं आणि सगळा गोडादरा तिथून मान वळवून जात होता. बाबुरावने कपबशी हातात घेतली, फॉर्म योगराजपुढे सरकवला. तोच पडदा बाजूला झाला आणि रंजना बाहेर आली. डोक्यावर पदर होता. पण तोंड उघडं होतं.

"सही करते," ती म्हणाली. "पण चौकातलं पहिलं भाषण माझं मी करीन. ललितभाऊ कशानं गेले ते सांगीन."

शालिग्राम समोरच खाटेवर बसला होता. तो भिंतीकडे बघायला लागला. बाबुरावने बशी हळूच खाली ठेवली. "घरातलं घरात बघी लो, योगराजभाई," तो म्हणाला. "फॉर्म तीनला बंद होतो. मी दोनला येतो." आणि तो चपला घालून गेला.

ललित म्हणजे उषाबाईचं शेंडेफळ. तीन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीला गेला. वय अठ्ठावीस, पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये नोकरी, लग्नाची बोलणी चाललेली. गावी अमळनेरकडे सगळ्यांना कळवलं, हार्ट अटॅक. ते शब्द उषाबाईचे होते. पोराला अजून तिरडीवर ठेवलेलं नव्हतं तेव्हा तिने दोन्ही मुलांना आत बोलावून सांगितलं होतं, "हार्ट म्हणायचं. दुसरा शब्द ज्याच्या तोंडातून निघेल तो मना पोऱ्या नही." चाळीस वर्षं तिने भावकीत मिरवलं होतं की सुरतेत राहूनही तिच्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब आला नाही. ती मान खाली घालणं तिला जमणार नव्हतं. पोरगं गेलं तरी नाही.

आता बारा वाजत आले होते. मागच्या खात्यातले सांचे, पॉवरलूमचे माग, खटखटत होते, त्यामुळे सगळ्यांनाच थोडं ओरडून बोलावं लागत होतं. भांडणाला ते बरंच पडलं.

"एक तर तिनं माफी मागावी," शालिग्राम म्हणाला, "नाही तर मी हे घर सोडून जातो."

"कोठे जाशी?" उषाबाई म्हणाली. राग आला की तिची भाषा सरळ अमळनेरच्या गाडीत बसे. "भेस्तानले, मेव्हणाकडे? दोन दिवसमा तोच तुले आणी सोडी."

"माय, मी मस्करी करत नाही. बाबुरावसमोर माझी काय किंमत राहिली?"

"बाबुरावसमोर तुझी काय किंमत होती ते आधी सांग."

योगराज मधे पडला. तो नेहमी मधे पडे; त्याचं राजकारण तेवढंच होतं. "दादा, माय, ऐका. दोन तास आहेत. रंजनाला मी समजावतो. भाषण-बिषण काही नाही. ती फक्त हात जोडून उभी राहील. आणि नाहीच ऐकली तर सहीचं काय एवढं? मीच करतो तिची सही. तिथं कोण बघतंय?"

"आणि निवडून आल्यावर?" उषाबाईने विचारलं. "तिथं पण तूच जाऊन बसशी? साडी नेसून?"

खिडकीत बसलेली वर्षा फिस्सकन हसली. शालिग्रामने तिच्याकडे बघितलं तशी तिने पुस्तक तोंडावर घेतलं. वर्षाचा सोमवारी पेपर होता, बी.ए.चा, इंग्लंडच्या इतिहासाचा. महिनाभर ती मोठ्याने घोकत होती आणि उषाबाई शेजारी बसून बिबडे थापत ऐकत होती. वर्षा गुजरातीत वाचे, मग आजीसाठी मराठीत सांगे. उषाबाई दुसरी पास होती. पण एकदा ऐकलेलं ती सोडत नसे. विलायतेतल्या त्या गोऱ्या बाया तिला आता गल्लीतल्या बायांसारख्या ओळखीच्या झाल्या होत्या. मत पाहिजे म्हणून त्यांनी स्वतःला साखळ्यांनी गजांना बांधून घेतलं, मंत्र्यांच्या खिडक्या फोडल्या. तुरुंगात जेवण सोडलं तर शिपायांनी धरून त्यांच्या नाकात नळ्या घातल्या आणि वरून पेज ओतली. हे ऐकलं त्या दिवशी उषाबाईने हातातला गोळा खाली ठेवला होता. "आणि त्यायले मायबाप नव्हते?" असं तिने विचारलं होतं.

"वर्षा," आता ती म्हणाली, "ती कोण गं होती? नवऱ्याच्या जागेवर बसलेली?"

"माय, आत्ता काय त्याचं?" योगराज म्हणाला.

"तू चूप बठ. सांग गं."

वर्षाने बापाकडे बघितलं, मग पुस्तक मांडीवर ठेवलं. "एकोणीसशे एकोणीस. नवरा निवडून आलेला होता. त्याचा बाप वारला आणि बापाची सरदारकी याच्याकडे आली. म्हणून त्याला वरच्या सभागृहात जावं लागलं."

"वर गेला म्हणजे मेला?"

"नाही गं मोठी माय, जिवंत होता. सरदारांचं सभागृह वेगळं असतं. मग खालची त्याची जागा रिकामी झाली. तिथं बायको उभी राहिली आणि निवडून आली. पार्लमेंटात जाऊन बसलेली पहिली बाई."

योगराजचा चेहरा उजळला. "बघ! विलायतेत पण हेच. नवऱ्याची जागा बायको सांभाळते. यात काही वेगळं नाही, दादा."

"सांभाळली का गं तिनं?" उषाबाईने विचारलं.

"सगळ्यांना तसंच वाटलं होतं," वर्षा काकाकडे न बघता म्हणाली. "पण ती उठून बोलायला लागली. पहिलंच भाषण दारूवर. आधी ओळखीचे असलेले पुरुषसुद्धा तिथं तिच्याशी बोलेनात. तरी चार वर्षांत तिनं कायदा करून घेतला, अठराच्या आतल्या पोरांना दारू विकायची नाही."

"म्हणजे एकोणिसाव्याला चाले?"

"चाले."

"आपल्या गुजरातमा तर कोणालेच चालत नही," उषाबाई म्हणाली.

खाडी दोनशे पावलांवर होती.

मग उषाबाईने पिठाचे हात पुसले आणि पडद्याकडे तोंड करून हाक मारली. "रंजना, बाहेर ये. जेठासमोर तोंड उघडलंच आहेस, तर आता पुरतं उघड."

रंजना आली. तिच्या मांडीवरची साडी तशीच हातात होती आणि बोटात लहान कात्री. वर्क केलेल्या साड्यांच्या मागचे लोंबते धागे कापायचं काम ती आणि मंदा करत. मार्केटमधून गठ्ठा येई, तो या घरी फुटे आणि चार-चार, सहा-सहा साड्या करत सगळ्या गल्ल्यांत जाई. रंजना भिंतीला टेकून उभी राहिली. शालिग्रामने पाठ फिरवली.

"तुले काय पाहिजे?" उषाबाई म्हणाली. "घराची चारचौघांत शोभा करायची? दारू प्यायला म्हणून माझ्या पोराचं नाव तू चौकात घेणार. भोंग्यावरून. तुला वाटतं का मला ठाऊक नव्हतं तो कशानं गेला? तोंडाला वास होता. मी आई होते त्याची."

"तुम्हाला वास ठाऊक आहे, आत्याबाई," रंजना म्हणाली. "बाकीचं नाही."

"कोणतं बाकीचं?"

"तुम्ही त्या दिवशी पणत्या आणायला बाजारात गेला होता."

उषाबाईला ते आठवत होतं. एकवीस पणत्या. परत आली तेव्हा दारात माणसं होती आणि एका बाईने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली होती.

रंजना खाली साडीकडे बघत बोलत होती. "ललितभाऊ अड्ड्यावरून आले आणि आत निजले. मला वाटलं पिऊन आलेत, झोपतील, उतरेल. मग हाक मारली त्यांनी. म्हणाले, वहिनी, घरात अंधार का ठेवला? दिवा लाव ना." ती थांबली. मागचे सांचे चालू होते. "बारा वाजले होते, आत्याबाई. दार उघडं होतं. ऊन त्यांच्या तोंडावर आलेलं होतं. मी सांगितलं, लाइट गेली आहे, येईल आता. ते म्हणाले, बरं."

मंदाने डोळ्याला पदर लावला. योगराजच्या हातातलं पोस्टर सुरकुतत होतं, त्याला ते कळत नव्हतं. विषारी दारूनं भावाची नजर गेली होती, हे त्यानेही पहिल्यांदाच ऐकलं होतं. तो त्या दिवशी कुणाच्या तरी रेशनकार्डासाठी कचेरीत बसला होता.

"मी तर घरीच होतो," शालिग्राम एकदम म्हणाला. तो वळला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो भावजयीच्या तोंडाकडे बघून बोलत होता. "ओट्यावर होतो मी. दहा पावलांवर. मला का नाही सांगितलं?"

रंजनाने वर बघितलं.

"तुमच्याशी बोलायचं नसतं ना," ती म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तोच तर त्रास होता.

"जाऊबाई साड्या वाटायला गेल्या होत्या, म्हणून मी मागच्या दारानं वर्षाला शोधायला गेले. ती क्लासला होती, दुसऱ्या सोसायटीत. तिला घेऊन आले, ती तुम्हाला सांगायला पुढं गेली. अर्धा तास गेला. पाऊण असेल. तुम्ही लगेच रिक्षा आणलीत. पण तोवर ते बोलायचे थांबले होते."

वर्षाने पुस्तक मिटलं. तिला त्या दिवशी क्लासच्या दारात उभी राहिलेली, पदर सुटलेली काकू आठवत असणार. ती उठली आणि काकूच्या शेजारी, भिंतीला टेकून उभी राहिली. शालिग्रामने पोरीकडे बघितलं, पण तिला बस म्हणाला नाही.

उषाबाईने परातीच्या कडेला वाळलेलं पीठ नखाने खरवडायला घेतलं. हा रिवाज घरात कोणी आणला? तिने. लग्न होऊन आठ दिवस झाले तेव्हा रंजना चुकून शालिग्रामला "भाऊ, पाणी" म्हणाली होती, आणि उषाबाईने तिला चुलीपुढे बसवून सांगितलं होतं, घराला आग लागली तरी जेठाला हाक मारायची नाही. अगदी याच शब्दांत. तेव्हा तिला आपल्या बोलण्याचा अभिमान वाटला होता.

दोनला बाबुराव आला. येताना शाईचा पॅड घेऊन आला होता.

"झालं का ठरून?" तो खाटेवर बसत म्हणाला आणि उषाबाईकडे वळला. "माजी, तुम्ही सूचक. वॉर्डातल्या मतदाराची सही लागते, तुमचं नाव मीच सुचवलं. घरातलंच माणूस बरं. इथं अंगठा द्या फक्त."

हेच त्यांचं चुकलं होतं, योगराजचं आणि बाबुरावचं, दोघांचं. अख्ख्या वॉर्डात त्यांना सूचक म्हणून एक म्हातारी सापडली, कारण तिचा अंगठा आपल्या खिशात आहे असं त्यांना वाटलं.

"मनी सही नही झाली तर?" उषाबाईने विचारलं.

"तर फॉर्म रद्द. पण तुम्ही कशाला..."

"मग आधी भाषणाचं बोल."

बाबुराव हसला. "भाषण मी लिहून देईन, माजी. गटार, पाणी, लाइट. वहिनींनी वाचून दाखवायचं. घरातल्या गोष्टी चौकात नाही आणायच्या. तुमच्याच अब्रूसाठी म्हणतो."

"मनी अब्रू तू कधीपासून राखी राहिना? तुझ्या भाच्याच्या पोटल्या राखता राखता वेळ मिळतो तुला?"

बाबुरावचं हसू गेलं. "जपून बोला, माजी. खाडीपलीकडच्या चार गल्ल्या माझ्या आहेत. मी उठलो तर त्या गेल्या समजा. योगराजभाई, आईला सांगा."

योगराजने तोंड उघडलं. पण बोलली मंदा, जी या घरात कोणत्याच बाजूने कधी बोलली नव्हती.

"त्या चार गल्ल्यांत साड्यांचा गठ्ठा आम्ही वाटतो, बाबुरावभाऊ," ती परातीवरून मान न उचलता म्हणाली. "रोज. कोणाच्या घरी कोण पितो आणि कोणाच्या घरी कोण रडतं, ते रंजनाला ठाऊक आहे. तुम्हाला पुरुषांची मतं ठाऊक असतील."

"हरशाल," बाबुराव उठत म्हणाला.

"हरू," उषाबाई म्हणाली. "वर्षा, त्या तुझ्या गोऱ्या बाया किती वर्षं हरल्या?"

"पहिला अर्ज अठराशे सहासष्टला केला. मत मिळालं एकोणीसशे अठराला."

"म्हणजे?"

"बावन्न वर्षं. आणि तेही तिशीच्या वरच्यांना, त्यात पुन्हा घरदार असलेल्यांनाच. बाकीच्यांना आणखी दहा वर्षं लागली."

"ऐकलं? आमची तर पहिलीच खेप आहे. तुझा पॅड घेऊन जा, आम्हाले नको. योगराज, पेन दे."

योगराज हलला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर बारा वर्षं होती. गटारं, कॅप्सूल, वर्गण्या. "माय," तो हळू आवाजात म्हणाला, "बाबुरावशिवाय आपण पडू."

"पडलास तर बायको पडली असं सांग. ती जागा तुझी नाहीच आता, तू कशाला पडतोस?"

पेन शालिग्रामने दिलं. आपल्या खिशातून काढलं, टोपण उघडलं आणि आईच्या हातात ठेवलं. उषाबाईने फॉर्म पाटावर ठेवला आणि दुसरीत शिकलेली अक्षरं एकेक करून मांडली. उषाबाई धुडकू पाटील. सगळ्यांत शेवटी वरची रेघ ओढली, सरळ. बाबुराव दारात उभा राहून ते बघत होता. मग तो पायऱ्या उतरून गेला.

रंजनाने खाली आपली सही केली. तिला वेळ लागला नाही.

"रंजना," शालिग्राम म्हणाला. मधे वर्षा नव्हती. "पदर नीट घे. बाहेर ऊन आहे. मी रिक्षा आणतो, फॉर्म द्यायला आपण सगळे जाऊ." आणि तो चपला शोधायला लागला.

योगराजने पोस्टरची घडी घातली. मग पुन्हा उलगडलं, कोपऱ्यातल्या त्या खाली बघणाऱ्या बाईकडे बघितलं. "फोटो दुसरा काढायला लागेल," तो म्हणाला. हे तो कोणाला म्हणाला ते कळलं नाही, पण म्हणाला.

रंजना सासूच्या पाया पडायला वाकली. उषाबाईने तिला मधेच दंडाला धरून उभं केलं. दंड चांगलाच घट्ट धरला होता. सकाळपासून जे चुलीला आणि देवीला सांगितलं ते आता जिचं तिला सांगायचं होतं. रिक्षा दारात येऊन थरथरत होती, तरी तिने आवाज चढवला नाही.

"तू चुकलीस. आज बोललीस म्हणून नाही, तीन वर्षं उशिरा बोललीस म्हणून. आता चौकात उभी राहशील तेव्हा ललितचं सांग, अड्ड्याचं सांग, पण तिथंच थांबू नको. जेठाला हाक मारू नको म्हणून सासूनं शिकवलं होतं, म्हणून दीर गेला, ते सांग. आणि हार्ट म्हणा म्हणून पण तिनंच सांगितलं, तेही सांग. मी पुढं बसलेली असेन. माझ्याकडे बोट करून सांग. अर्धं सांगून उतरलीस खाली, तर पुढच्या खेपेला मनी सही मिळणार नही."